लेबलाखालचे बारा ठिपके

कानसेनला गिटार वाजवता येत नव्हती. चाळीस वर्षांत तीनशेच्या वर गिटारी त्याच्या हाताखालून गेल्या, पण कुणी म्हटलं की वाजवून दाखवा, तर तो सहाही तारांवरून अंगठा एकदा खाली फिरवायचा आणि वाद्य समोरच्याच्या हातात द्यायचा. "आमचं काम इथवर. पुढचं तुम्ही बघा." सुईणीने मूल हातात द्यावं, त्याला शाळेत पोचवायला जाऊ नये, असा त्याचा साधा विचार.

लाकूड मात्र ऐकावं ते त्यानेच. रंधा मारून पातळ केलेलं फळीचं पान तो कोपऱ्याजवळ दोन बोटांच्या चिमटीत लटकतं धरायचा, कानाशी आणायचा, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने मध्यावर टकटक करायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. दोन श्वास, फार तर तीन. मग ते पान उजव्या ढिगात जायचं नाहीतर डाव्या. उजवीकडच्याची गिटार होणार, डावीकडच्याचं खोकं. या निकालावर अपील नव्हतं. तो ज्याच्याकडे काम शिकला तो म्हातारा मिस्त्री कुणाचं कौतुक करण्याच्या भानगडीत पडत नसे. पण एकदा मिस्त्रीनेच नापास केलेली फळी याने खोक्यांच्या ढिगातून परत काढून आणली आणि तिचीच त्या वर्षातली सगळ्यात गोड गिटार झाली. तेव्हा मिस्त्री म्हणाला, "हाताने तू बेताचाच आहेस. पण वाजवणारे पैशाला पासरी मिळतात, ऐकणारा एखादाच. तू आपला कानसेन." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर यायचं.

मिस्त्रीच्या माघारी कारखाना कानसेनकडे आला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, वर राहायचं घर, मधे लाकडी जिना. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला लाँड्री. लाँड्रीची वाफ भिंतीतून आत येते म्हणून त्या भिंतीला लाकूड टेकवायचं नाही, असा सक्त नियम. टेकवायचीच असेल तर सायकल टेकवा.

कामाला दोघं भाऊ. गिटारीचं वरचं पान, ज्यातून आवाज बाहेर पडतो, ते कानसेनचं. पाठ, वाकवलेल्या बाजू, पॉलिश आणि गिऱ्हाईक हे सगळं धाकट्याचं. धाकट्याचे हात चपळ, जिभेवर साखर आणि कानात मेण. दोन पानं एकापाठोपाठ वाजवून दाखवली तर तो प्रामाणिकपणे सांगायचा, "दादा, मला दोन्ही दारंच वाटतात." त्यावर दोघं पोटभर हसायचे. त्या हसण्यात कुठे काही सलत असेल, असं कानसेनला कधी वाटलं नाही.

आता त्या काळ्या शिसवाबद्दल सांगायला हवं.

मिस्त्रीच्या उमेदीच्या काळात एक जुनी बँक पाडली गेली. तिच्या काउंटरची जाडजूड फळी मिस्त्रीने हातगाडीवर घालून आणली. ते लाकूड होतं समुद्रापलीकडच्या एका जंगलातलं काळं शिसव. हे झाड जगात तेवढ्याच एका पट्ट्यात उगवायचं, आणि माणसांनी त्याची टेबलं, खुर्च्या, कपाटं आणि सुऱ्यांच्या मुठी करून ते संपवत आणलं. शेवटी सरकारांना जाग आली. तोडायचं नाही, विकायचं नाही, त्याची केलेली गिटार घेऊन सीमा ओलांडायची तरी कागद दाखवायचे. जिवंत होतं तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मेल्यावर पासपोर्ट, असं मिस्त्री म्हणायचा. साध्या शिसवाच्या पानावर बोट मारलं तर ते टक् म्हणतं. हे म्हणायचं टण्ण, आणि पाण्याने अर्ध्या भरलेल्या तांब्यावर नख मारावं तसं मागे थोडा वेळ गुणगुणत राहायचं.

त्या फळीची चोवीस पानं निघाली. शेजारशेजारची दोन पानं पुस्तकासारखी उघडली की एकावरच्या रेषा दुसऱ्यावर आरशातल्यासारख्या उमटतात. अशी जुळी पानं जोडूनच गिटारीची पाठ होते. म्हणजे बारा जोड्या. कुठली कुठली हे कळावं म्हणून कानसेनने स्वतः टोच्याने प्रत्येक पानाच्या तळाशी ठिपके मारले होते. पहिल्या जोडीला एक, दुसरीला दोन. बारावीला बारा, चार-चारच्या तीन ओळींत. अकरा जोड्या वर्षानुवर्षं कामात गेल्या. बारावी मिस्त्रीने जाताना याच्या हातात ठेवली. "ही विकायची नाही. ही तुझी."

कानसेनने ती बायकोच्या नावाने ठेवली. तिला वाजवता यायचं, आणि नुसतं यायचं नाही, चांगलं यायचं. पण कारखाना हातात आला त्या वर्षी तिची गिटार गेली आणि तिच्या बदल्यात यंत्राची करवत आली. ती कधी बोलून दाखवायची नाही. करवत सुरू झाली की खिडकी लावून घ्यायची, एवढंच. कानसेनने तेव्हाच सांगून टाकलं होतं, "तुझी मी करीन. माझ्या हातची सगळ्यात चांगली ती असेल."

असं लाकूड मुरवायचं तर त्याची मिस्त्रीने घालून दिलेली रीत होती. पानाच्या कडांना मेण लावायचं आणि पान पातळ मलमलीच्या खोळीत शिवून टाकायचं. शिवण एकदाच उसवायची, ज्या दिवशी काम सुरू करायचं त्या दिवशी. मधेच उघडून बघणाऱ्याचं लाकूड रुसतं, असं मिस्त्री म्हणायचा, आणि त्याच्यापुढे विज्ञान वगैरे चालत नसे. ऐकायला मलमल आड येत नाही. म्हणून दरवर्षी लग्नाच्या वाढदिवशी सकाळी कानसेन वरच्या फळीवरून त्या दोन खोळी काढायचा, खोळीसकट पान वाजवायचा, आणि जिन्याखालून हाक मारायचा, "अगं, अजून मुरतंय!"

"माझी हाडं मुरायच्या आत करा म्हणजे झालं," वरून उत्तर यायचं.

नऊ वर्षांपूर्वी कानसेनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. माणसं धुक्यातून आल्यासारखी दिसायची. नेमकी त्याच सुमारास एका बाईंची गिटार करायची होती. बाई तेव्हा फारशा कुणाला माहीत नव्हत्या. साध्या शिसवाची पाठ चालेल, म्हणाल्या. कानसेनने एका मोडक्या पलंगाच्या फळीतून कापलेली पानं टकटक करून पाहिली आणि उडालाच. साधं शिसव, पण काय बोलत होतं! "हिची पाठ कर," त्याने धाकट्याला सांगितलं, आणि मग सगळ्या गल्लीला सांगितलं. किल्लीवाल्याला दोनदा. वरचं पान त्याने चाचपडत, बोटांनी आणि कानांनी पुरं केलं. मग एका डोळ्याचं ऑपरेशन, पंधरवड्याने दुसऱ्याचं. काळा चष्मा, थेंब, धूळ वर्ज्य, जिना वर्ज्य. तो वर पडून राहिला आणि खाली धाकट्याने गिटार पुरी केली.

तारा चढवून धाकटा ती वर घेऊन आला. कानसेनने काळ्या चष्म्यातच तिच्या पाठीवर तळवा ठेवला, तारा दाबून धरल्या आणि बोटाचं पेर मारलं. डॉक्टरांनी रडायला बंदी केली होती, ती त्या दिवशी मोडली. "पलंगाच्या फळीतून काढलंय मी हे," तो म्हणाला. "आणि तेही आंधळेपणी!"

"तुझे कान, दादा," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई गिटार घेऊन आपल्या गावी गेल्या. दोन वर्षांत त्यांचं नाव झालं, आणि त्या जिथे तिथे सांगू लागल्या की माझी गिटार एका मोडक्या पलंगाची आहे. लोक कारखान्यात येऊन साधं लाकूड मागू लागले. कानसेनही त्यांना ऐकवायचा, की दुर्मिळ लाकडाच्या मागे धावू नका, कान असेल तर पलंगसुद्धा गातो.

पण हे तो सांगायचा ते मन लावून नाही. कारण मधे एक गोष्ट झाली होती.

ऑपरेशननंतरचा पहिला लग्नाचा वाढदिवस. नवे डोळे, स्वच्छ सकाळ. कानसेनने खोळी काढल्या, पान चिमटीत धरलं, टकटक केली. टक्. पुन्हा केली. टक्. दुसरं पान. तेही टक्. पुढे काही नाही, गुणगुण नाही, काही नाही. त्याने हवेला दोष दिला. मग लाँड्रीला दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा काढून पाहिलं. टक्.

लाकूड खोटं बोलेल हे त्याच्या मनात येणं शक्य नव्हतं. शिवण बंद, फळी तीच, जागा तीच. मग राहिलं कोण? राहिले कान. बाकीची पानं नेहमीसारखीच ऐकू येत होती, पण ज्या कानाला बारावी जोडी ऐकू येत नाही, त्याने बाकीच्यांचं ऐकलं ते खरं कशावरून? विझायच्या आधी दिवा मोठा होतो. पलंगाची ती फळी म्हणजे आपल्या कानांची शेवटची भडक ज्योत होती, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दुसरा कुणी असता तर त्याने कात्री घेऊन खोळ फाडली असती आणि दोन मिनिटांत निकाल लावला असता. पण रीत म्हणजे रीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कानसेनने ती झाकलेलीच ठेवली आणि स्वतःला मोडीत काढलं.

कानाच्या डॉक्टरांकडे तो गेला होता. त्यांनी कानात शिट्ट्या वाजवून, आलेख काढून सांगितलं की वयाच्या मानाने उत्तम आहेत. कानसेन घरी आला आणि बायकोला म्हणाला, "त्यांना माणसांचे कान कळतात. लाकडाचं ऐकणारे नाही कळत."

मग कान गेल्याचं त्याने धाकट्याला सांगितलं. धाकटा तेव्हा एका गिटारीची मान कानशीने घासत होता. हात थांबला. कानसेनला वाटलं, भावाचं काळीज तुटलं असेल. मग धाकटा म्हणाला, "वय झालं, दादा. व्हायचंच." कानसेनचं वय तेव्हा छप्पन्न होतं.

त्या दिवसापासून पानं निवडायचं काम धाकट्याकडे गेलं. ज्याला दोन्ही दारंच वाटायची तो आता उजवा-डावा ढीग करू लागला. कानसेन सरस लावायचा, पट्ट्या तासायचा, दुरुस्त्या करायचा. कुणी पान पुढे केलं तर हात मागे घ्यायचा. आणि घरादाराने आवाज चढवला. बायको जिन्यावरून "चहा!" असं ओरडायची की शेजारचा किल्लीवालाही यायचा. धाकटा दोन हातांच्या अंतरावरून ओरडायचा, "दादा, क्लॅम्प दे!" कानसेनला हे सगळं नीट ऐकू यायचं, कधी कधी तर डोकं उठायचं. पण आपल्यासाठी करतात बिचारे, म्हणून तो मान हलवायचा.

वाढदिवस येत राहिले. तो टकटक करायचा, ठेवून द्यायचा आणि "अजून मुरतंय" म्हणायचा. जे नीट ऐकूच येत नाही त्याची गिटार करायची कशी? सहाव्या वर्षी बायकोच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सातव्या वर्षापासून तिने वरून उत्तर देणं बंद केलं.

आणि या वर्षी बाई आल्या. सकाळी अकराचा सुमार, धाकटा पॉलिश आणायला बाहेर गेलेला. बाईंनी पेटी बाकावर ठेवली. "आतून काहीतरी भणभणतंय. कुणाच्या हातात द्यायची छाती होत नाही. तुमचीच आहे, तुम्हीच बघा. उद्या नेते."

त्या गेल्यावर कानसेनने पेटी उघडली आणि गिटार पालथी केली.

ही गिटार त्याने कधी पाहिलीच नव्हती. नऊ वर्षांपूर्वी हाताने पाहिली, कानाने ऐकली. डोळ्यांनी पाहतोय ते आज पहिल्यांदा. पाठीवर काळ्या रेषा मधल्या सांध्यापासून दोन्हीकडे सारख्या वळत गेल्या होत्या. पलंगाच्या लाकडावर अशा रेषा नसतात. अशा रेषा त्याने चोवीस पानांवर पाहिल्या होत्या, आणि कुठे नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. त्याने मात्र आरसा घेतला, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा, दांड्याचा. छोटा दिवा गोल भोकातून आत सोडला. आतली आधाराची एक पट्टी सुटली होती, भणभण तिचीच. आणि तळाशी कारखान्याचं कागदी लेबल दमटपणाने सुटून एका कोपऱ्यावर लोंबत होतं. लेबल खरं तर मधे, भोकातून दिसेल असं लावतात. हे इतकं खाली का लावलं असेल, म्हणून त्याने चिमट्याने ते उचललं.

चार. चार. चार.

मोजायची गरज नव्हती, तरी त्याने दोनदा मोजले. मग दिवा बाहेर काढला, तारा तळव्याने दाबून धरल्या आणि पाठीवर बोटाचं पेर मारलं.

टण्ण.

खरं सांगायचं तर त्याला आधी आनंद झाला. इतका आनंद, की तो बाकड्याला धरून उभा राहिला. कान होते! जागच्या जागी होते, शाबूत होते, नऊ वर्षांपूर्वी होते, काल होते. त्याने पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजवलं. ती मागची गुणगुण शेवटपर्यंत ऐकली. दुसरा विचार यायला मिनिटभर लागलं: मग वरच्या खोळींत काय आहे?

त्याने वरच्या फळीवरून दोन्ही खोळी काढल्या आणि जिना चढून वर गेला.

"ही शिवण कुणाची?"

"माझीच की!" बायको सवयीने मोठ्याने म्हणाली. "का हो?"

"केव्हाची?"

"तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळची. उंदराने खोळ कुरतडली म्हणून भाऊजी घेऊन आले होते. 'दादाला सांगू नका, उगाच जिवाला लावून घेईल,' म्हणाले. मी आपली पानं नव्या कापडात घालून शिवून दिली. त्यांत मला काय कळतंय?" तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज आपोआप खाली आला. "काय झालं?"

त्याने तिचीच कात्री घेतली आणि शिवण उसवली. आतून निघाली ती कसल्यातरी मालाच्या खोक्याची फळी. नीट रंधा मारलेली, कडांना मेण लावलेली, आणि तळाशी एकही ठिपका नसलेली.

"हे ते नाही?" तिने विचारलं.

"नाही. ते खाली आहे. त्याची गिटार झाली. बाईंची."

ती त्याच्यामागून खाली आली, बाकावर बसली आणि गिटार मांडीवर घेतली. तीस वर्षांनी घेतली, तरी धरली अशी की काल ठेवली होती. डाव्या हाताची बोटं तिने तारांवर ठेवली. ती वाकली नाहीत. पुन्हा ठेवली, सुजलेले सांधे एकमेकांत अडकत होते, तारा अर्ध्या दाबल्या जात होत्या. मग तिने डावा हात सोडून दिला आणि उजव्या अंगठ्याने मोकळ्या तारा एकेक करून वाजवल्या, सहाच्या सहा. आवाज विरेपर्यंत थांबली.

"छान झालीय," ती म्हणाली, गिटार त्याच्या हातात दिली आणि वर निघून गेली.

धाकटा तासाभराने आला. दारातूनच ओरडला, "दादा, पॉलिश मिळालं! भाव वाढवलाय मेल्याने!" मग त्याला बाकावरची गिटार दिसली आणि शेजारी उसवलेल्या खोळी. त्याने पॉलिशचा डबा खाली ठेवला. हा डबा ठेवताना त्याने जेवढी काळजी घेतली तेवढी आयुष्यात कधी घेतली नसेल.

"बस," कानसेन म्हणाला.

धाकटा बसला नाही. "पलंगाची पानं फुटली," तो म्हणाला. विचारायचीही वाट त्याने पाहिली नाही. नऊ वर्षं तोंडाशी येऊन थांबलेलं होतं. "आत खिळा मोडून राहिला होता. रंध्याचं पातं अडकलं आणि उभी चीर गेली, दोन्ही पानांना. तू वर पडलेला. कानाने काढलंय, कानाने काढलंय म्हणून जगाला सांगत होतास. मी काय सांगणार होतो, तुझ्या कानाने काढलेलं माझ्या हाताने फुटलं म्हणून?"

"मग बारावी घेतलीस."

"तेवढीच होती त्या तोलाची. दुसरं काही लावलं असतं तर तुला पहिल्या टकटकीला कळलं असतं."

"आणि खोळीत हे."

"जाडीला जाडी बघून घेतलं. वजनाला वजन."

"वजन केलंस?"

"सरसाच्या काट्यावर." धाकट्याने मान खाली घातली. "दादा, खरं सांगतो, मला वाटलं होतं तुला कळेल. त्या वाढदिवशी तू खोळी काढल्यास तेव्हा मी दारामागे उभा होतो. तू वाजवलंस, पुन्हा वाजवलंस, ठेवून दिलंस आणि काहीच बोलला नाहीस. मला वाटलं, दादाला कळलं आणि त्याने पोटात घातलं. देवाशपथ. मी त्या रात्री रडलो."

कानसेन हे ऐकून घेत होता. एवढं त्याला पटलंही असतं. हात चुकतो, माणूस घाबरतो, घाबरलेला माणूस वेडंवाकडं करतो, भाऊच आहे. काळं शिसव त्याने मागितलं असतं तर दोन दिवस शिव्या देऊन, तिसऱ्या दिवशी त्याला देऊन टाकलं असतं. पण त्याच्या डोक्यात ती कानस घासायची थांबली होती, तो क्षण पुन्हा पुन्हा येत होता.

"नंतर मी तुझ्याकडे आलो," तो म्हणाला. "कान गेले म्हणून सांगितलं. तेव्हा?"

धाकटा वाकून पॉलिशच्या डब्याचं झाकण आवळू लागला.

"तेव्हा तुला समजलं ना, की मला कळलेलं नाही?"

"समजलं."

"मग काय म्हणालास तू मला?"

"दादा, आता त्याला किती वर्षं..."

"काय म्हणालास?"

लाँड्रीचं यंत्र भिंतीपलीकडे घरघरत होतं. धाकटा त्या भिंतीकडे बघत म्हणाला, "वय झालं म्हणालो."

"लाकूड गेलं, जाऊ दे. लाकडाला मी रडत नाही," कानसेन म्हणाला. "माझ्याजवळ होतं काय रे? हात बेताचे. वाजवता येत नाही. गिऱ्हाइकाशी धड बोलता येत नाही. एक कान होते. तुझ्या एका वाक्याने ते परत आले असते. नऊ वर्षं मी तुझ्यासमोर या बाकड्यावर बसून पट्ट्या तासल्या, आणि तू बघत होतास. केसाने गळा कापतात म्हणतात ना, तो असा."

"नाव तर तुझंच मोठं झालं त्या गिटारीने," धाकटा पुटपुटला.

"पलंगाचं झालं!" कानसेन पहिल्यांदाच ओरडला. "लोकांना शिकवत होतो मी, पलंग गातो म्हणून!"

कानसेन उठला, भिंतीलगतच्या घोडीपाशी गेला, जिच्यावर धाकट्याने निवडलेली पानं रचून ठेवली होती, सगळी उजव्या ढिगाची, गिटारीची. त्याने वरचं पान उचललं, कोपऱ्याजवळ चिमटीत धरलं, टकटक केली, डोळे मिटले. दोन श्वास. पान डावीकडे गेलं. दुसरं. डावीकडे. तिसरं उजवीकडे. चौथं डावीकडे. तो घाई करत नव्हता. प्रत्येकाला त्याचे दोन श्वास देत होता, नऊ वर्षांत न दिलेले. डावा ढीग कमरेपर्यंत आला, उजवीकडे सहाच पानं. धाकटा उभा होता तिथेच उभा होता.

शेवटी कानसेनने ती खोळीतली खोक्याची फळी घेतली. वाजवली. टक्. दरवर्षी ती हेच सांगत आली होती, एकदाही खोटं बोलली नव्हती. त्याने ती डाव्या ढिगावर ठेवली.

मग त्याने बाईंच्या गिटारीला हात घातला. भोकातून बोटं सोडून सुटलेल्या पट्टीला सरस लावला, आतून आधार दिला. लेबल चुरगळून खिशात टाकलं. उद्या बाईंना काय सांगायचं ते त्याने ठरवलं होतं: ही पलंगाची नाही, बारा ठिपके बघा, आणि कुठल्या देशात नेणार असाल तर आधी कागद करून घ्या. पाठीवर हात फिरवताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. बायको नऊ वर्षं ओरडून बोलली ती न कळून. किल्लीवाला ओरडला तो बायकोचं ऐकून. धाकट्याला सगळं माहीत होतं, आणि तोही रोज सकाळी, दारात पाऊल ठेवल्यापासून, ओरडत होता.

धाकटा एक पाऊल पुढे आला. हात लोंबकळत होते, चेहरा उतरला होता.

"दादा!" तो सवयीने गळा ताणून म्हणाला, "आता मी काय करू ते सांग!"

कानसेनने मान वर केली नाही.

"हळू बोल," तो म्हणाला. "मला ऐकू येतं."